नगरची तोफ आणि तीन दशांश स्थळे

सभेत एखाद्या वक्त्याचा आवाज चढला, की दुसऱ्या दिवशी 'मुलुखमैदान तोफ धडाडली' असे छापून येते. ही तोफ विजापूरची, असे आपण सारे धरून चालतो. ती आज विजापुरात शेरझा बुरुजावर आहे हे खरेच. परंतु तिचे माहेर आमचे नगर. तिच्या अंगावरच्या लेखात बुऱ्हाण निजामशहाचे नाव आहे, ती ओतणाऱ्या महंमद बिन हसन रूमीचे नाव आहे आणि हिजरी ९५६ हे साल आहे. म्हणजे इसवी सन १५४९. 'रूमी' म्हणजे रूम देशचा, तुर्कांच्या मुलखातला. हा परदेशी कारागीर निजामशाहीच्या आश्रयाला आला आणि त्याने नगरला हा अजस्र ऐवज ओतला. पुढे तोफ परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तेथून १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. नेण्यास दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असे सांगतात.

इतिहासाच्या पुस्तकांत तोफेची हकीकत येथे संपते. माझे कुतूहल मात्र येथून सुरू झाले, आणि त्याला कारण रसायनशास्त्र. मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण आमच्या जिल्ह्यात १९८३ साली लोणीला अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतल्या घरांत त्या विषयाची जाडजूड पुस्तके येऊ लागली. शेजारच्या मुलाचे असे एक जुने पुस्तक मी चाळत होतो. पाणी, इंधन, गंज अशी प्रकरणे ओलांडून 'मिश्रधातू' पाशी आलो. तेथे तोफेचा धातू आणि घंटेचा धातू यांचे कोष्टक होते. तोफेच्या धातूत शंभरात सुमारे दहा भाग कथील, बाकी बहुतेक तांबे. घंटेच्या धातूत कथील वीस-बावीस भाग.

आता आमच्या तोफेचा आकडा पाहा. जुन्या इंग्रजी वर्णनांत तिच्या धातूचे पृथक्करण दिले आहे : तांबे ८०.४२७, कथील १९.५७३. म्हणजे कोष्टकाप्रमाणे ही तोफ नव्हेच, ती घंटा आहे! टिचकी मारली तर ती घंटेसारखी घुमते असे पाहणारे सांगतात, तेही याच्याशी जुळते.

हा धातू आपल्याला अनोळखी नाही. तो म्हणजे कासे. ज्या काशाच्या वाटीने आजी तळपायाला तूप चोळीत असे, त्या वाटीत तांबे सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग आणि कथील बावीस भाग. वाटी दगडी फरशीवर पडली तर पितळेसारखी चेमटत नाही, तडकते. याचे कारण सोपे आहे. तांब्याचे अणू थरांवर थर रचल्यासारखे असतात, ठोकले की थर एकमेकांवरून सरकतात. म्हणून तांबटाच्या हातोडीखाली हंडा आकार घेतो. कथलाचा अणू अंगाने मोठा. तो मध्ये शिरला की थरांचे सरकणे अडते आणि धातू कडक होतो. थोडे कथील हितकारक. पण ते फार झाले, की तांबे आणि कथील यांचे एक निराळेच ठिसूळ संयुग आत तयार होते, आणि अशा धातूला नाद उत्तम येतो, धक्का मात्र सोसत नाही. तोफेला तर प्रत्येक बाराला धक्काच सोसायचा असतो.

मग रूमीने घंटेच्या धातूची तोफ का ओतली? त्याला आपले काम कळत नव्हते काय? पुस्तक हाती घेऊन निकाल देणाऱ्याला असेच वाटेल. साडेचारशे वर्षांहून जुन्या कारागिराची अब्रू या एका आकड्यावर टांगलेली आहे, म्हणून तो आकडा नीट पारखला पाहिजे.

प्रथम कामाची अडचण पाहू. शुद्ध तांबे १०८५ अंशांना वितळते. कथील अवघ्या २३२ ला. म्हणून तर कल्हईवाला रस्त्याच्या कडेला भाता फुंकून, नवसागराची चिमूट टाकून, भांडे चकचकीत करून देत असे. (त्या नवसागराच्या धुराने डोळे चुरचुरत, पण आम्ही पोरे हलत नसू. रसायनशास्त्राचा माझा पहिला वर्ग तोच.) दोन्ही एकत्र केले की वितळण्याचा बिंदू खाली येतो. वीस टक्के कथील असले तर ९०० अंशांच्या आसपासच सारा रस पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत धावतो. लोखंडाला १५३८ अंश हवेत. तेवढी धग आपल्याकडच्या भट्ट्यांत नव्हती, म्हणून लोखंडी तोफा पट्ट्या आणि कडी ठोकून जोडीत. ओतायची म्हटली की तांबे-कथीलच.

आणि ओतायचे तरी किती! लांबी चौदा फुटांच्या वर, बाहेरचा व्यास पाच फुटांना थोडा कमी, तोंडाचे छिद्र दोन फूट चार इंच. मी वहीवर आकडेमोड केली. भरीव भाग साधारण दोनशे घनफूट भरतो. पाण्याचे घनफूट बासष्ट पौंडांचे, हा धातू पाण्याच्या पावणेनऊ पट जड. वजन पन्नास टनांच्या आसपास येते. पुस्तकात पंचावन्न टन दिले आहे, आणि आत दारूची जागा तोंडापेक्षा अरुंद धरली तर तेही पटते. आकडा खरा मानला तर यात कथील अकरा टन. दख्खनच्या भूमीत कथील नाही. त्या काळी ते मलाक्काकडून समुद्रमार्गे येई. निजामशाहीचे बंदर चौल, तेव्हा तेथे उतरून घाट चढून नगरला आले असावे.

एवढा रस एका भट्टीत मावणारा नव्हे. अशा ओतकामात खड्ड्यात मातीचा साचा उभा करून भोवती अनेक भट्ट्या मांडतात आणि त्यांची तोंडे एका वेळी फोडतात. साच्यात थोडी ओल राहिली तर तिची वाफ होऊन सारे उधळते. एक भट्टी मागे पडली तर जोड कच्चा राहतो. कथील आधी घातले तर हवेत जळून राख होते, म्हणून ते शेवटी घालायचे. रूमीला सांधा न राहता सारा साचा एकसंध भरायचा होता. रस पातळ राहावा म्हणून त्याने मुद्दाम कथील वाढवले असेल, तर ते अज्ञान नव्हे, हिशेब होता. शिवाय भिंत सव्वा फूट जाड ठेवून त्याने ठिसूळपणाची भरपाईही केली आहे.

दुसरी गोष्ट आकड्याचीच. ८०.४२७ मध्ये १९.५७३ मिळवून पाहा. बरोबर १०० येतात. ना केसभर कमी, ना जास्त. मला ही बेरीज पाहून हसू आले. सोळाव्या शतकातल्या तांब्यात शिसे नाही, लोखंड नाही, जस्त नाही? वाण्याच्या दुकानातल्या साखरेतही इतकी शुद्धता सापडायची नाही. माझा तर्क असा, की त्या पृथक्करण करणाऱ्याने एकच धातू तोलला आणि दुसरा शंभरातून वजा करून लिहिला. तसे असेल तर तीन दशांश स्थळे ही मोजणीची नव्हेत, वजाबाकीची आहेत.

तिसरे, नमुना कोठला? पंचावन्न टनांच्या तोफेतून कानशीने काढलेला चिमूटभर कीस. धातू थिजतो तो एकदम नव्हे. तांब्याचा अंश जास्त असलेला भाग आधी थिजतो, कथील जास्त असलेला रस मागे राहतो, आणि कधी कधी तो थिजलेल्या भागाच्या फटींतून दाबला जाऊन बाहेरच्या अंगावर येतो. युरोपातले ओतारी याला कथलाचा घाम म्हणत. तोफेच्या पाठीवरचा कीस घेतला तर पोटातले प्रमाण त्याहून निराळे निघू शकते. पोटात कथील पंधरा भाग असेल, सतरा असेल. महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती ब्युरेट देताना नमुना कसा घ्यावा हे सांगतात. ते सांगणे मुलांना कंटाळवाणे वाटते, आणि येथे तर एका माणसाचे शहाणपण त्यावरून ठरायचे आहे. माझे मत विचाराल तर मी रूमीच्या बाजूचा. तोफ फुटलेली नाही, आणि तिची साक्ष मला कानशीच्या किसापेक्षा मोठी वाटते.

तिच्या अंगावर आणखी एक लेख आहे. १६८६ साली विजापूर घेतल्यावर औरंगजेबाने आपला विजय तिच्यावर कोरवला. त्यानंतर मराठे, साताऱ्याची गादी आणि मग इंग्रज असे धनी बदलत गेले. १८५४ साली सरकारी अडगळ विकून टाकण्याचा हुकूम निघाला, त्यात मुलुखमैदानही लिलावात उभी राहिली. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची! टनाला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. घेणाऱ्याचेही चुकले असे म्हणवत नाही. हा डोंगर हलवायचा कोणी आणि फोडायचा कशाने? तेथल्या दुय्यम कमिशनराला मात्र ही रक्कम फार थोडी वाटली. लोक या तोफेला मानतात हेही त्याला ठाऊक होते. त्याने वर तसे कळवले आणि विक्री रद्द झाली.