जलद बुद्धिबळ आणि आपली मुले: कापडी पटापासून मोबाइलपर्यंत

३० ऑगस्ट २०२० हा रविवार होता. गणपतीचे दिवस, पण करोनामुळे मंडपात ना आरतीची गर्दी, ना भजनाची बैठक. त्या दिवशी ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात झाला. खेळाडू आपापल्या घरी संगणकासमोर बसलेले. प्रत्येक संघाचे सहा पट: दोन पुरुष, दोन महिला, एक कुमार आणि एक कुमारी. पूर्ण डावासाठी प्रत्येकाला १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंदांची भर. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी, आणि कुमारींच्या पटावर नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख.

पहिल्या फेरीचे सहाही डाव बरोबरीत सुटले. दुसऱ्या फेरीत ऐन डावात निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचे इंटरनेट तुटले. घड्याळ मात्र चालूच राहिले आणि दोघांचाही वेळ संपला. भारताने दाद मागितली. इंटरनेटचा तो बिघाड जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी झाला होता, खेळाडूंचा त्यात काहीच दोष नव्हता. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक जाहीर केले.

जोयडा तालुक्यातल्या वाचकाला या हकिकतीतले एक वाक्य समजावून सांगावे लागत नाही, ते म्हणजे ‘नेट गेले’. आमच्याकडे ते रोजचेच आहे. तरीही रामनगरपासून कुंभारवाड्यापर्यंत कितीतरी मुले आज मोबाइलवर तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे डाव खेळतात. रेंज मिळेल तिथे, म्हणजे टेकडीवर, बसथांब्यावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर. घरातली मोठी माणसे विचारतात, या घाईच्या खेळातून काही हाती लागते का? की हाही वेळ घालवण्याचाच एक प्रकार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागेल, कारण बुद्धिबळात घाई कुठून आली आणि त्या घाईत कोण टिकले, याचा इतिहास फार बोलका आहे.

आपल्या पूर्वजांचा खेळ मुळात निवांत होता. पट कापडाचा, सगळी घरे एकाच रंगाची, काही घरांवर फुल्या. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘नीतिमयूख’ या संस्कृत ग्रंथात या खेळाचे वर्णन करून ठेवले आहे. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे आणि पुढे काशीला स्थायिक झालेले. आपल्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. अशा नियमांत दोन्ही सैन्ये समोरासमोर भिडायलाच बराच वेळ लागे. घड्याळाचा तर प्रश्नच नव्हता. पान लावावे, सुपारी कातरावी आणि समोरच्याने चाल केली की मान वर करावी, असा तो खेळ.

या सवयीची किंमत पुढे मोजावी लागली. पंजाबातला मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला होता. तो इंग्लंडला गेला आणि त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. पण पाश्चात्त्य पद्धतीतल्या सुरुवातीच्या चालींचे ज्ञान त्याच्यापाशी नव्हते, आणि प्रत्येक डावात ती उणीव त्याला पटावर बसूनच भरून काढावी लागे. स्वतंत्र भारतात पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाली. तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी विभागून घेतले. म्हणजे राष्ट्रीय विजेत्यांच्या यादीत पहिल्याच वर्षी एक मराठी नाव आहे. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिली विजेती ठरली वासंती खाडिलकर. पहिली दहा वर्षे ते विजेतेपद बहुतेक वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्याच घरी राहिले. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या या मुली. रोहिणीने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आणि १९८१ साली ती आशियाई विजेती झाली. आमच्या पिढीतल्या अनेक मुलींना घरून पट मांडायची परवानगी मिळाली ती या तिघींची छायाचित्रे वर्तमानपत्रात आल्यामुळे, असे आमचे मत आहे.

युरोपातही खेळ आधी निवांतच होता. १८५१ साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिला वेळेची मर्यादा नव्हती. प्रतिस्पर्धी तासन्‌तास विचार करतो, अशा तक्रारी तेव्हाच झाल्या. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली, आणि १८८३ साली लंडनच्याच स्पर्धेत जोडघड्याळ आले: एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे बंद. तेव्हापासून बुद्धिबळपटूला दोन प्रतिस्पर्धी झाले. एक समोर बसलेला, दुसरा टेबलावर टिकटिकणारा.

एकदा घड्याळ आले म्हटल्यावर ‘पाच मिनिटांत डाव संपवून दाखव’ अशी पैज लागणारच. फार दिवस ही गंमत मुख्य स्पर्धा संपल्यावरची, संध्याकाळच्या करमणुकीची मानली जाई. तो समज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर हलवला तो १९७० च्या हर्सेग नोवी येथील पाच मिनिटांच्या स्पर्धेने. तिथे बॉबी फिशरने रशियातले एकाहून एक दिग्गज समोर असताना २२ पैकी १९ गुण मिळवले. दुसरा आलेला ताल साडेचार गुणांनी मागे होता. फिशर हा एरवी घाईचा खेळाडू नव्हे. दिवसरात्र जुने डाव तपासत बसणारा तो माणूस. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे तोच धागा पुन्हा येणार आहे.

याच फिशरने जलद खेळाला एक मोठी देणगी दिली. जुन्या घड्याळात एक अन्याय होता. डाव पूर्ण जिंकलेला असला तरी हातात दोन सेकंद उरली की मात द्यायला वेळच नसे. फिशरने प्रत्येक चालीनंतर ठरावीक सेकंद परत देणारे घड्याळ सुचवले आणि १९८९ साली त्याला त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. आज मुले मोबाइलवर ‘तीन अधिक दोन’ म्हणतात ती हीच युक्ती: डावाला तीन मिनिटे, आणि दर चालीला दोन सेकंद. आता दहा मिनिटांपर्यंतचा डाव अतिजलद म्हणजे ब्लिट्झ, आणि त्याहून मोठा पण तासाच्या आतला तो जलद म्हणजे रॅपिड, अशी अधिकृत विभागणी आहे.

भारतात या खेळाला हात दिला तो चेन्नईने. तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल यांच्या नावाचा क्लब होता. तिथे पाच मिनिटांचे डाव चालत आणि जिंकणारा बसून राही, हरणारा उठून रांगेच्या शेवटी जाई. लहानगा विश्वनाथन आनंद तिथेच तयार झाला. पुढे मोठमोठ्या स्पर्धांतले डाव तो काही मिनिटांत आटोपून उठे आणि समोरचा घाम पुसत राही. १९८७ साली तो कुमार जगज्जेता झाला, १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर.

मात्र केवळ वेगाचे कौतुक करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. १९८८ साली कॅनडातल्या सेंट जॉन येथे अतिजलद बुद्धिबळाची जागतिक स्पर्धा झाली, ती ताल यांनी जिंकली. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते आणि प्रकृतीने खंगलेले. २०१७ च्या डिसेंबरात रियाध येथे जलद प्रकाराचे जगज्जेतेपद आनंदने जिंकले, तेव्हा त्याला ४८ वे वर्ष पूर्ण होऊन काहीच दिवस झाले होते. बोटांची चपळाई हेच जर यातले गमक असते, तर पंधरा वर्षांच्या पोरांनी या दोघांना केव्हाच घरी बसवले असते.

मग गमक कशात आहे? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान दे ख्रोट यांनी गेल्या शतकाच्या चाळिशीत या प्रश्नाचा अभ्यास सुरू केला. त्यावर पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघांनी प्रयोग केले. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून पट झाकला, तर उस्ताद खेळाडू बहुतेक सगळी मोहरी जागच्या जागी मांडत असे, नवशिक्या मात्र चार-पाचवर अडे. पण मोहरी वाटेल तशी विस्कटून मांडली की उस्तादाची बढाई संपे, तोही नवशिक्याच्या पंक्तीत येई. याचा अर्थ उस्तादाची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. त्याच्यापाशी हजारो ओळखीच्या रचनांचा साठा असतो. आपल्या आजीला चार भांड्यांचे आवाज ऐकून स्वयंपाकघरात काय चालले आहे ते कळायचे, तसेच काहीसे. पाच मिनिटांच्या डावात नवा विचार करायला वेळ नसतो. तिथे जुना विचार कामाला येतो. ज्याने तो आधी सावकाश करून ठेवला आहे, तोच जलद खेळतो.

दिव्या देशमुखचा पुढचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. २०२३ साली कोलकात्यात टाटा स्टीलच्या महिलांच्या जलद स्पर्धेत ती मानांकनाने सर्वांत खाली होती, आणि जगज्जेती जू वेनजुन हिलाही मागे टाकून तिने ती स्पर्धा जिंकली. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला सांघिक अतिजलद स्पर्धेत तिने जगातली अव्वल महिला खेळाडू हौ यिफान हिला हरवले. पुढच्याच महिन्यात बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम फेरी आली. समोर कोनेरू हंपी, म्हणजे जलद प्रकाराची दोन वेळची जगज्जेती. नेहमीच्या वेळेचे दोन डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांवर निकाल लागला. पहिला बरोबरीत, आणि दुसऱ्यात हंपीच्या घड्याळात अगदी थोडा वेळ उरला असताना तिची चूक झाली, ती दिव्याने सोडली नाही. वयाच्या १९ व्या वर्षी विश्वचषक आणि त्याबरोबर थेट ग्रँडमास्टर किताब. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर, आणि महिलांत चौथी.

मोठे सन्मान आता असेच ठरू लागले आहेत. आनंदने २०१२ साली गेल्फंडविरुद्ध जगज्जेतेपद राखले ते जलद डावांवर. २०१६, २०१८ आणि २०२३ मध्येही जगज्जेता जलद डावांनीच ठरला. २०२५ च्या नोव्हेंबरात तर विश्वचषक आपल्या शेजारी गोव्यात आला, म्हणजे अनमोडचा घाट उतरून पलीकडे. तिथेही अंतिम फेरीचे पहिले दोन डाव बरोबरीत गेले आणि उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या सिंदारोवने चीनच्या वेई यीला जलद डावांत हरवले. तेव्हा घाईचा खेळ म्हणजे पोरखेळ, हे म्हणणे आता सोडून द्यायला हवे.

पण म्हणून दिवसाला पन्नास डाव खेळणारा मुलगा सुधारतोच असेही नाही. एक मिनिटाच्या डावांत तर विचार असा होतच नाही. समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल आगाऊ लावून ठेवायची सोय असते, आणि मुले ती जुगारासारखी वापरतात. हरले की लगेच दुसरा डाव, तोही रागात. आमच्या पाहण्यात पुढे सरकलेली मुले वेगळे वागतात. ती चालीमागे काही सेकंद परत मिळणारे दहा-पंधरा मिनिटांचे डाव पसंत करतात, पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन सुरुवाती पक्क्या धरतात, राजा आणि प्याद्यांचे शेवट घोटतात आणि हरलेला डाव त्याच दिवशी पुन्हा मांडून बघतात. नेमकी चूक कुठल्या चालीला झाली आणि तेव्हा घड्याळात किती वेळ होता, हे वहीत लिहून ठेवणारीही एक-दोन आहेत.

यातल्या बहुतेक कामाला इंटरनेट लागत नाही, ही गोष्ट आमच्या तालुक्याला लागू पडते. मात्र म्हणून अडचण नाहीच असे कुणी म्हणू नये. ज्या काळी नदीच्या पाण्यावर गणेशगुडीला वीज तयार होते, त्या खोऱ्यातल्या गावांत आजही फोन लागत नाही. १९८७ साली पूर्ण झालेल्या धरणाने जुने सुपे पाण्याखाली गेले, अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली, आणि उरलेली गावे जंगलात दूरदूर विखुरलेली राहिली. स्पर्धा खेळायची तर बेळगाव, हुबळी नाहीतर गोवा गाठावे लागते. नागपूर-नाशिकच्या मुलाला संध्याकाळी समोर बसायला तुल्यबळ खेळाडू मिळतो, आमच्या मुलाला तो फक्त मोबाइलच्या पडद्यावर भेटतो, आणि तोही रेंज असेपर्यंत. ज्या बिघाडाने ऑलिम्पियाडच्या अंतिम सामन्यात पदकाचा वाद झाला, तो बिघाड आमची मुले आठवड्यातून चार वेळा सोसतात. त्यांच्यासाठी दाद मागायला कर्णधार नसतो, आणि गुणांकन मात्र घसरते.

म्हणून यंदा उत्सवातल्या स्पर्धांत संगीतखुर्ची आणि रांगोळीच्या जोडीला घड्याळ लावून बुद्धिबळ ठेवावे, असे आम्ही कार्यकारिणीला सुचवले आहे: प्रत्येकी दहा मिनिटे, दर चालीला पाच सेकंद, लहानमोठे एकाच गटात. त्यासाठी घ्यावी लागणारी दोन डिजिटल घड्याळे आणि चार पट विसर्जनानंतर कपाटात न ठेवता मंडळाच्या खोलीत कायम मांडलेले राहावेत. किल्ली शेजारच्या घरी असतेच.