शैलीपत्रकातील घातांक : यादीपासून नियमापर्यंत

वेबपृष्ठाचे दृश्य रूप ठरविणाऱ्या शैलीपत्रकाच्या भाषेची कल्पना होकॉन व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिची पहिली प्रमाण आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये सिद्ध झाली. अक्षरांच्या लगतच्या दोन आकारांत १.५ हे गुणोत्तर असावे, अशी सूचना तीत होती. म्हणजे मध्यम अक्षर १० पॉइंटांचे असल्यास मोठे १५ पॉइंटांचे. अनुभवान्ती हे प्रमाण फार मोठे ठरले. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते १.२ वर आणले गेले. तथापि लहान आकारांची अडचण कायम राहिली. पुढे एकच गुणोत्तर सोडून असमान प्रमाणांचे कोष्टक स्वीकारण्यात आले.

भूमिती श्रेढीची कल्पना अशा रीतीने आरंभापासूनच उपस्थित होती; मात्र ती ब्राउझर घडविणाऱ्यांना दिलेल्या सल्ल्याच्या रूपात. पृष्ठ रचणाऱ्यास घात लिहिण्याची सोय नव्हती. १६ पिक्सेलांपासून १.२५ च्या गुणोत्तराने २०, २५, ३१.२५ हे आकार त्याने आधी काढून ठेवावेत, अथवा एकच गुणाकार पुनःपुन्हा लिहावा, एवढेच शक्य होते. यादी दिसे, तिच्यामागील नियम दिसत नसे.

‘मूल्ये व एकके’ या प्रकरणाच्या चौथ्या स्तरात घात, वर्गमूळ, कर्ण, लॉगरिथम व ‘ई’चा घात अशी पाच फलने आली. आता १.२५ चा तिसरा घात १६ पिक्सेलांनी गुणला की ३१.२५ मिळतात. घाताच्या फलनास केवळ शुद्ध संख्या चालते, कारण पिक्सेलाच्या घनाला पृष्ठावर अर्थ नाही. कर्णाचे फलन मात्र लांबी स्वीकारते: ३० व ४० पिक्सेलांपासून ५० पिक्सेलच निघतात. ही सोय सफारीत मार्च २०२२ मध्ये, फायरफॉक्समध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये आणि क्रोममध्ये डिसेंबर २०२३ मध्ये आली.

हे स्थित्यंतर कोशाकडून व्याकरणाकडे झालेले आहे. परंतु व्याकरणालाही मर्यादा असते. त्याच श्रेढीत ऋण तिसरा घात घेतल्यास अक्षर ८.१९२ पिक्सेलांचे होते. गणित निर्दोष, पण वाचकाचे डोळे शिणतात. १.५ चा त्याग याच कारणास्तव घडला होता. नियम लिहिता येऊ लागला, तरी तो कोठे थांबवावा हे वाचणाऱ्याच्या दृष्टीनेच ठरवावे लागेल.