मुंबईचा हद्दीपारचा पाणीपुरवठा

इतर जिल्ह्यांच्या पाणलोटातले पाणी कायद्याच्या आधारे मुंबईला पुरवणारी व्यवस्था. तिच्या लाभक्षेत्रातल्या दिंडोशीच्या (गोरेगाव–मालाड पूर्व) पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला विहार (1860) व तुळशी (1879) हे तलाव आहेत. तरी मुंबईच्या सात तलावांच्या 14,47,363 दशलक्ष लिटर साठवण क्षमतेत या दोहोंचा वाटा अडीच टक्क्यांहून कमी. बाकीचे पाणी ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांतून येते. एकट्या भातसा धरणाची क्षमता 7,17,037 दशलक्ष लिटर आहे.

पाण्याची वाट भूगोलाने आखली. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस मुबलक आणि शहर खाली, त्यामुळे तानसाचे पाणी उताराने येते. भातसाचे पिसे बंधाऱ्यापाशी पंपांनी उचलतात. हक्क मात्र कायद्याने ठरवला. राज्यघटनेच्या राज्यसूचीतील 17 व्या नोंदीनुसार पाणी हा राज्याचा विषय आहे, जिल्ह्याचा नव्हे. 1888 च्या मुंबई महापालिका अधिनियमाने पालिकेला हद्दीबाहेरही जलकामे उभारता येतात. त्यामुळे तानसा, मोडकसागर व मध्य वैतरणा पालिकेच्या मालकीचे, तर भातसा व अप्पर वैतरणा राज्याचे. टंचाईत या दोन धरणांतला राखीव साठा हवा असेल, तर पालिकेला शासनाकडेच जावे लागते.

ही व्यवस्था घेणाऱ्याचा हक्क नेमका सांगते, देणाऱ्याचा मोघम ठेवते. तानसा व भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाडे उंचावर, साठा खाली. जवळचे पाणी वर चढवायला योजना आणि वीज लागते. यावर आक्षेप असा, की जलवाहिन्यांचा खर्च शहराने केला, अडवले नसते तर पाणी समुद्रालाच मिळाले असते, आणि वाटेवरच्या ठाणे-भिवंडीलाही पालिका पाणी देतेच. हे खरे आहे. पण खर्चाने भिंत आणि नळ यांची किंमत चुकती होते, पाणलोटातल्या गावांची तहान नाही. शिवाय पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हे तत्त्व पाड्यालाही तितकेच लागू आहे. सिंगापूरला पाणी देणाऱ्या, आज मलेशियात असलेल्या जोहोर राज्याने 1962 च्या करारात दरासह शुद्ध केलेले पाणी परत घेण्याचा हक्कही लिहून घेतला. तिथे आंतरराष्ट्रीय सीमा होती, म्हणून देणाऱ्याला सौदा करता आला. एकाच राज्यात देणारा तालुका करारातला पक्षच नसतो. म्हणून त्याचा वाटा धरणाच्या मंजुरीतच आकड्याने लिहिणे आवश्यक ठरते.