छाती काढून चालायची गोष्ट

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांसाठी भाग वर आहेच, हा त्याचाच लिहिलेला मजकूर. रेकॉर्डिंगला तीन रविवार गेले, कारण दर वेळी दुसऱ्या मिनिटाला माझा आवाज अडकायचा. का, ते कळेलच.

"छाती काढून चाल रे" हे आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी ऐकलेलं असतं. मी नाही ऐकलं. मला "ओढणी नीट घे" ऐकायला मिळालं. मी ट्रान्स पुरुष आहे. दिवसा कोड लिहितो, संध्याकाळी जिममध्ये बेंच प्रेस मारतो, आणि दोन महिन्यांनी माझी टॉप सर्जरी आहे. म्हणजे छाती सपाट करायची शस्त्रक्रिया. थोडक्यात काय, मला छाती काढून टाकायची आहे ती छाती काढून चालता यावं म्हणून.

आई म्हणाली, "ही असली नवीन फॅडं कुठून आणतोस?" 'आणतोस' म्हणाली, हे मी लक्षात ठेवलंय. पण 'नवीन' हा शब्द डोक्यात राहिला. खरंच नवीन आहे का हे? म्हणून शोधत गेलो.

पुरुषांची वाढलेली छाती कापून कमी करायची रीत सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलीय. आजही कितीतरी पुरुष हे ऑपरेशन करून घेतात, कुणी त्यांना फॅड म्हणत नाही. पण आजची गोष्ट आहे मायकेल डिलन यांची.

डिलन यांचा जन्म १९१५ चा, लंडनचा. दाखल्यावर मुलगी. ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि होडीच्या प्रेमात पडले. तेव्हा बायकांच्या रोइंगकडे लोक कसे बघायचे? १९२७ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलींची पहिली शर्यत झाली, तेव्हा दोन्ही होड्या एकत्र सोडल्याच नाहीत. वेगाबरोबर डौलालाही गुण होते! पुढे डिलन त्याच ऑक्सफर्डच्या महिला बोट क्लबचे अध्यक्ष झाले.

आता टाइमलाइन बघा. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं १९३५ मध्ये. १९३९ मध्ये डिलन यांनी एका डॉक्टरांकडून त्याच्या गोळ्या मिळवल्या. फक्त चार वर्षांचा फरक! डॉक्टरांनी आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं, आणि त्या माणसाने गोष्ट बाहेर फोडली. डिलन गाव सोडून ब्रिस्टलला गेले आणि एका गॅरेजमध्ये पेट्रोल भरायला लागले. महायुद्ध सुरू होतं, बॉम्ब पडत होते. दिवसा गाड्या, रात्री आगीवर पहारा. हळूहळू आवाज फुटला, दाढी आली.

मग रक्तातली साखर उतरल्यामुळे चक्कर येऊन ते पडले आणि हॉस्पिटलमध्ये पोचले. तिथे एका प्लास्टिक सर्जनशी गाठ पडली. १९४२ मध्ये त्याच सर्जनने त्यांची छातीची शस्त्रक्रिया केली, कागदपत्रं बदलायचं सुचवलं आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांचं नाव दिलं. गिलीज म्हणजे पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे पुन्हा उभे करणारे सर्जन. १९४४ मध्ये डिलन यांचा जन्मदाखला बदलला. नंतर ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये मेडिकलला गेले, तिथे पुरुषांच्या संघातून वल्ही मारली, आणि सुट्ट्यांमध्ये गिलीज यांच्याकडे ऑपरेशनं करून घेतली. कुणी लंगडण्याबद्दल विचारलं तर युद्धातली जखम सांगायची.

इथे एक गोष्ट समजून घेऊ, कारण मलाही ती उशिरा कळली. छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, हा स्तनाच्या पेशींच्या खाली असतो. शस्त्रक्रियेत वरच्या पेशी आणि चरबी काढतात, स्नायू तसाच राहतो. म्हणून जिममध्ये कमावलेलं वाया जात नाही. उलट स्नायूची खालची कड ठसठशीत दिसली तर टाक्यांची रेघ तिच्या सावलीत बसवायला सर्जनला सोपं जातं. पण व्यायामाने स्तन जात नाहीत, हेही तितकंच खरं. स्नायू वाढला की कधीकधी ते थोडे पुढेच आल्यासारखे वाटतात. पहिल्या महिन्यात मी आरशासमोर रडलो होतो.

माझे आजोबा तालमीत जोर काढायचे. मीही घरी जोरच काढतो, जिममध्ये वजनं उचलतो. बाइंडर घालून मात्र नाही, त्यात छाती आवळली जाते आणि श्वास पुरत नाही. सैल टीशर्ट घालतो, कोपऱ्यातला बेंच पकडतो. ऑपरेशननंतर काही आठवडे वजन बंद, किती ते सर्जनच सांगणार. तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या पॉडकास्टला नको.

डिलन यांचं पुढे काय झालं? ते जहाजावरचे डॉक्टर झाले. १९५८ मध्ये उमरावांच्या वंशावळीच्या दोन पुस्तकांत त्यांची नोंद जुळली नाही, आणि वर्तमानपत्रांनी सगळं छापलं. ते पळाले ते थेट आपल्याकडे, भारतात. कालिम्पोंग, सारनाथ, मग लडाखचा रिझोंग मठ. लोबझांग जीवक या नावाने बौद्ध साधक झाले. १५ मे १९६२ ला डलहौसीत गेले. वय फक्त ४७. आत्मचरित्र लिहून पाठवलेलं होतं, ते छापायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

डलहौसीला मी कॉलेजच्या ट्रिपला गेलोय. मॅगी खाल्ली, फोटो काढले. माझ्यासारखा एक माणूस इथे शेवटचा श्वास घेऊन गेलाय, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी इतकी वर्षं स्वतःला एकटा समजलो नसतो.

परवा हे सगळं आईला सांगितलं. ती गप्प बसून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "त्याच्या ऑपरेशनच्या वेळी जवळ कोण होतं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तिने कॅलेंडर काढलं आणि माझी तारीख विचारली.

चला, पुढच्या भागात भेटू. कदाचित टाके असतील, पण भेटू.