क्षुरप्राची कुळी

बाणाने काळवीट पडतं ते टोकापेक्षा धारेमुळे. टोक कातडी फोडून वाट करतं. पुढचं काम पात्याच्या रुंद कडांचं. त्या रक्तवाहिन्या कापतात. पातं बोथट असलं तर जखमी जनावर दूर पळून जातं आणि शिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीपासून भीमा फार लांब नाही. तिच्याच खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे राहणारे लोक शेती करत, काळवीटही मारत. गारेची पाती काढण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी. गाभ्यावर दोन्ही बाजूंनी टवके उडवून आधी एक कणा तयार करायचा. तो कणा उडवला की त्याच्यामागून लांब, सरळ पाती सुटत. अशा दगडी तुकड्यांना डिंकाने काठीत बसवायची युक्ती तर त्याहूनही जुनी, मध्याश्मयुगातली. धार वस्तऱ्यासारखी, पण कड तुटली की तुकडा फेकायचा.

लोखंडाने हे बदललं. नागपूरजवळ नायकुंडला इ.स.पू. ७००च्या सुमाराची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. लोखंडी पातं तापवून, ठोकून, दगडावर घासून पुन्हा कामाला लावता येतं. मग आकारही फुटले. धनुर्वेदात बाणाच्या पात्यांपैकी सूचीमुख कवच भेदायला, भल्ल काळजासाठी, तर क्षुरप्र शत्रूचं धनुष्य कापायला सांगितला आहे. धार लावताना दोन्ही बाजूंचा उतार सारखा ठेवायचा, शेवटी कडेवर उरलेला धातूचा पापुद्रा हलक्या हाताने काढायचा. पातं काडीच्या रेषेत बसलं नाही, तर ही सगळी मेहनत फुकट, बाण भरकटतो.

गंमत अशी, की अमेरिकेत फ्रेड बेअरने १९५०च्या दशकात आणलेल्या ‘रेझरहेड’ या बाणाच्या पात्यात वस्तऱ्यासारखं जादा पान बसवायची सोय होती. खराब झालं की काढून टाका! इनामगावचा हिशेब लोखंडात परतला.

सोलापूरच्या माळावर हरणं धरण्यात नाव होतं ते फासेपारध्यांचं, आणि त्यांची भिस्त फासावर. १९७२च्या कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. १९७९मध्ये माळढोक अभयारण्य झालं, त्यात माढा तालुक्याचाही भाग आला.

क्षुरप्र मात्र या तालुक्यातून गेला नाही. संस्कृतातला तो शब्द प्राकृतातून झिजत मराठीत आला तो खुरपं होऊन. खुरपणीआधी ते लोहाराकडे शेवटायला जातं, आणि कामाच्या मध्ये बाया बांधावरच्या दगडावर त्याला धार काढून घेतात.