ब्रसेल्सची भुकटी: चाचणीला विचारायचे दोन प्रश्न

१९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांना दिसलं, की काही तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होताहेत. दुवा एकच: वजन घटवण्याचा एकाच दवाखान्यातला उपचार. त्यात १९९० पासून दोन चिनी वनस्पतींची भुकटी घातली जायची. त्यातली एक कागदोपत्री स्टेफानिया, म्हणजे चिनी 'फांग जी'. १९९४ मध्ये भुकटीचं रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध झालं. बहुतेक नमुन्यांत स्टेफानियातलं टेट्रान्ड्रिन नव्हतंच. सापडलं ते मूत्रपिंडाला घातक अॅरिस्टोलोकिक आम्ल. नामसाधर्म्यामुळे 'ग्वांग फांग जी' ही भलतीच वनस्पती आली होती.

म्हणून भेसळ शोधताना दोन प्रश्न विचारा: हवं ते आहे का? आणि नको ते नाही ना? पहिल्यावरच थांबलात, तर दोन्ही मुळं मिसळलेली भुकटी आरामात पास होते.