कापले किती?

विद्यानगरच्या आमच्या घरी कुणाचा पहिला पगार झाला की आजोबा विचारत, "मिळाले किती ते राहू दे, कापले किती?" निजामाच्या राजवटीत ते नांदेडहून हैदराबादेत आले आणि जवळच आझमाबादच्या एका कारखान्यात हजेरी मांडायला लागले. भोंग्यानंतर आलेल्याचा अर्धा रोज जाई. माल बिघडला की दंड. दंड ठरवी मुकादम, आणि दाद मागायची तीही त्याच्याचकडे.

ब्रिटिश मुलखात 1936 सालीच वेतन अदायगी कायदा झाला होता. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको आणि कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय तर नकोच, असं त्यात होतं. संस्थानाची हद्द लागली की तो कायदा संपे. 1946 मध्ये ऑल हैदराबाद ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. तिचे अध्यक्ष शायर मखदूम मोहिउद्दीन, जोडीला राजबहादूर गौड. आजोबा म्हणत, "मखदूमसाहेबांची शायरी साऱ्यांना कुठली कळायला? पण जुर्मान्याचं नाव निघालं की फाटकाबाहेर चिडीचूप." संस्थान विलीन झाल्यावर तो कायदा इथेही आला.

आजीचं माहेर निजामाबादकडचं. तिथल्या बायका घरी विड्या वळत. विड्या मोजून घेताना कारखानदाराचा माणूस मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. "बाई एकटीनं भांडणार कुणाशी?" आजी म्हणे. छाटीवरून वाद झाला तर दाद मागायची सोय 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं केली.

ही कापाकापी समुद्रापलीकडेही होती. कोकणातली माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेली, तिथल्या ऊसमळ्यांत तर एका गैरहजेरीला दोन दिवसांचा रोज कापत. 'डबल कट' म्हणत त्याला. 1871 मध्ये तिथलेच एक मळेवाले आदोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या मदतीनं 9,401 जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि पुढच्याच वर्षी चौकशीला रॉयल कमिशन आलं.

आता आमच्या गल्लीत जेवणाचे डबे पोचवणारी मुलं येतात. अ‍ॅपनं पैसे कापले तर भांडायला त्यांच्यापुढे मुकादमसुद्धा नसतो. मजुरीचा दर बाजार ठरवत असेल. पण कापताना कारण सांगावं लागतं, ही शिस्त मालकांना कामगारांनी लावली. धंदा नवा निघाला की ती पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते.